डिंकाची ढाल

लग्नाला आठ महिने झाले होते आणि नवरा मी जेमतेम अकरा दिवस पाहिला होता, तोही खाली मान घालून. ते बेळगावच्या पलटणीत होते. लढाई जोरात होती आणि पलूसकडच्या आमच्या गावातले सहा जण एकाच वेळी भरती झाले होते. माझं माहेर मेढ्याकडचं. सातवी पास झालेली सून म्हणून सासूबाई मला चारचौघांत मिरवत, आणि त्या शिक्षणाचा घरात एकच उपयोग होता: आलेलं पत्र वाचून दाखवायचं. सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे.

एका पत्रानं मात्र माझ्या सातवीची पार अब्रू घेतली. त्यात लिहिलं होतं, 'आठ दिवसांच्या रजेवर येत आहे. साहेबांचा हुकूम आहे की ज्याला बॉक्सिंग खेळायचे असेल त्याने स्वतःच्या मापाचे गम शील्ड करून आणावे. शील्ड नसेल तर खेळ बंद. खेळणाऱ्यांना साहेब छावणीत ठेवून घेतात. बाकीचे पुढच्या बोटीने जाणार.'

शेवटची दोन वाक्यं मला नीट कळली. आत्तींनाही कळली. त्या चुलीपुढून उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "परत वाच." मी तीनदा वाचलं. म्हणजे ती वस्तू असली तर हे बेळगावात राहणार, नसली तर समुद्रापार लढाईवर जाणार. पण ती वस्तू म्हणजे काय, ते काही केल्या कळेना.

मग आम्ही दोघी शाळेच्या मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी कोश होता आणि तो उघडायची संधी मिळाली की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनी बोट फिरवत फिरवत सांगितलं, "गम म्हणजे डिंक. शील्ड म्हणजे ढाल. डिंकाची ढाल."  मग मास्तरच म्हणाले, "छातीला बांधत असतील." त्याच शब्दाचा हिरडी असाही अर्थ त्याच पानावर खाली होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मास्तर पहिल्या अर्थाच्या पुढे कधी जात नसत.

आत्तींनी यातून आपल्यापुरता अर्थ काढला. साहेबाला डिंक पाहिजे, म्हणजे पोराच्या अंगात ताकद पाहिजे. त्यांनी बाभळीचा डिंक गोळा करून तळला आणि डबाभर लाडू वळले. "मापाचं म्हंजे मोठंच आसंल," म्हणून एकेक लाडू नारळाएवढा.

हे घरी आले, लाडू पाहिले, आणि हसता हसता खालीच बसले. मग त्यांनी ओठ वर करून आपला पुढचा दात दाखवला. तो हलत होता. "आगं आये, दातावर घालायचं असतंय ते. ठोसा बसला की दात न्हाई तर जबडाच जायचा. दुसऱ्याचं घालून खेळलो, तवा हे असं झालं." दुसऱ्याचं तोंडातलं आपल्या लेकानं तोंडात घातलं हे ऐकून आत्तींचा चेहरा उतरला. दात हलल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही, उष्ट्याचं वाटलं.

सांगलीत दात बसवून देणारे एक डॉक्टर होते. माझी दाढ महिनाभर ठणकत होती आणि लवंग दाबून दाबून गाल भाजला होता, तेव्हा आत्ती म्हणाल्या, एका हेलपाट्यात दोन्ही कामं होतील. अशी मी नवऱ्याबरोबर पहिल्यांदा गाडीत बसले, ती दाढेच्या कृपेनं.

डॉक्टर जैन होते, शांत आणि फार नीटस बोलणारे. त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एक तयार मिळतं, ते दातांत धरून ठेवावं लागतं, तोंड उघडलं की पडतं. दुसरं साचा घेऊन करायचं, ते आपोआप बसून राहतं. आम्हाला दुसरंच हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "जाड की पातळ? जाड केलं तर दात वाचतील पण श्वासाला जड जाईल. पातळ केलं तर उलटं." हे एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग." मला कुणी काही विचारण्याची सवय नव्हती. मी पदराआडून म्हटलं, "जाड." डॉक्टर हसले. त्यांनी तेच केलं, फक्त हलणाऱ्या दातापाशी आतून थोडी जागा सोडली.

डॉक्टरांनी पांढऱ्या लगद्यात यांचे दात उमटवून त्याचा प्लास्टरचा साचा केला आणि वाळायला खिडकीत ठेवला. मी समोरच्या बाकावर बसून तो बघत राहिले. नवऱ्याचा चेहरा मी दिवसाउजेडी कधी धड पाहिला नव्हता, पण त्यांचा वरचा जबडा मला त्या दिवशी पाठ झाला. डावा सुळा जरा पुढे आलेला. मला त्या सुळ्याची माया वाटली, आणि असं कसं वाटतं म्हणून लाजही वाटली.

डॉक्टरांनी एका तांबूस पदार्थाचं नाव सांगितलं, ते मी तेव्हाच विसरले. गरम केला की तो मऊ होई आणि साच्यावर दाबून गार केला की घट्ट. संध्याकाळपर्यंत काम होणार होतं. तोवर आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. हे बोटीवर जाणाऱ्या गावच्या पाच जणांविषयी बोलत होते, एकेकाचं नाव घेऊन. मी मधूनच म्हटलं, "तुमचं बरं, तुमाला ऱ्हायला मिळंल." ते पाण्यात खडे टाकत बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी माझी दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा, डोकं गरगरतंय, हे बाहेर टांगा बघायला गेलेले, अशा वेळी डॉक्टरांनी मला सांगितलं, "गरम पाणी आणि मीठ, सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही. ते मात्र गार पाण्यातच. गरम पाणी अजिबात लागता कामा नये. नीट जपा."

आता यात न कळण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. पण मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि 'ते' म्हटलं की माझ्यापुरता जगात एकच अर्थ होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आई मला विचारायची, 'ते कसे आहेत?' शेजारणी विचारायच्या, 'ते कवा येनार?' डॉक्टर 'ते' म्हणाले ते त्या तांबूस वस्तूला, हे माझ्या बधिर डोक्यात शिरलंच नाही. मी समजले, गरम पाणी आणि मीठ वस्तूला, आणि यांना आंघोळ गार पाण्याची.

दुसऱ्या दिवसापासून मी यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं बंद केलं. थंडीचे दिवस होते. हे रोज कुडकुडत आंघोळ करून येत आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत. पुढे वाटलं, बायको आपल्यावर रागावलीय अशीच त्यांची समजूत झाली असणार. आणि मीठ-पाण्याच्या गुळण्या मुळीच न केल्यामुळे माझा गाल सुजून भोपळा झाला होता.

ती वस्तू मात्र ते स्वतःच सांभाळत. रोज पहाटे ती दातांवर बसवून पळायचा सराव करून आले की आडावर गार पाण्यानं धुवायचे, फडक्यानं टिपून पत्र्याच्या डबीत ठेवायचे. आत्तींनी ती डबी घरात येऊ दिली नव्हती, उष्टी म्हणून. ती न्हाणीच्या कोनाड्यात असे. मला रोज बघून चुटपुट लागे. डॉक्टरांनी एवढं बजावून सांगितलं आणि हे नुसतं गार पाणी मारतायत. पण पुरुषमाणसाला कोण सांगणार?

जायच्या दिवशी सकाळी हे गावात निरोप घ्यायला गेले. मी ठरवलं, निदान आज तरी नीट व्हावं. न्हाणीतल्या चुलवणावर पाणी उकळलं, मूठभर मीठ टाकलं, आणि डबीतली वस्तू त्यात सोडली. आत्तींचं जेवण वाढून परत येईपर्यंत ती पाण्यातच होती. बाहेर काढली तेव्हा बोटाला चिकटली. मी घाबरून ती गार पाण्यात टाकली, तर तशीच वाकडीतिकडी घट्ट झाली, उन्हात वाळलेल्या पापडासारखी कडेनं वळून.

हे आले. मी ती तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. रडू इतकं आलं होतं की सांगता येईना. गरम, गार, मीठ, डॉक्टर, काय काय बोलले कुणास ठाऊक. त्यांनी ती तोंडात घालून पाहिली. बसली नाही. मग त्यांनी ती बाहेर काढली, खिशात टाकली, आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "अवं, सांगलीला उतरा. डॉक्टरांकडं साचा हाय. दुसरं करून देतील."

"व्हय, उतरतो," ते म्हणाले.

बाहेर आत्ती उभ्या होत्या. माझे डोळे बघून त्यांनी विचारलं, काय झालं? हेच पुढे झाले. "काय न्हाई आये. माझ्याच हातनं खराब झालं. गरम पाण्यात टाकलं मी."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खेळात घेतलं नाही, बोटीवर जातोय, गावची पोरं बरोबर आहेत, काळजी नसावी. मी ते आत्तींना वाचून दाखवलं. सहा महिन्यांनी तार आली. ती इंग्रजीत होती, पण ती समजायला मास्तरांचा कोश लागला नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या दाढेसाठी मी सांगलीला गेले. कपाळ मोकळं बघून डॉक्टरांनी काही विचारलं नाही. मीच विचारलं, त्या थंडीत पलटणीतला एक माणूस तुमच्याकडे दुसऱ्यांदा आला होता का? डॉक्टरांनी आठवून पाहिलं. मग कपाट उघडलं, मागच्या रांगेतला साचा काढला आणि त्यावरची धूळ फुंकली. "नाही," ते म्हणाले, "आले असते तर तासाभराचं काम होतं."

तेव्हापासून मी विचार करतेय. मी बिघडवलं हे खरं. पण ते सांगलीला उतरले का नाहीत? गाडी चुकेल अशी भीती होती? की पाच जण जाताना आपण मागे राहायचं, ते त्यांना जमणार नव्हतं आणि माझ्या हातून त्यांची सुटका झाली? की 'बरं झालं' हे नुसतं माझं रडणं थांबावं म्हणून? एकेक वर्ष मी एकेक उत्तर खरं मानलं आणि कुठलंच टिकलं नाही. चीडही येते. एवढं बोलायला त्यांना घाटावर अख्खी दुपार होती.

आत्ती त्यानंतर एकवीस वर्षं जगल्या. माझ्याच हातचं जेवल्या, माझ्याच मांडीवर गेल्या. लेकाची आठवण आली की त्या त्याच्यावरच रागवायच्या. "लय धांदरट पोर. एवढी एक वस्तू जपता आली न्हाई त्येला. व्हय का न्हाई गं?"

आणि मी भाकरी थापता थापता म्हणायचे, "व्हय, आत्ती."