माझ्यामागचा डबा

गिरणीवाल्यानं माझा डबा पायानं मागं सरकवला. हात लावला नाही.

"तुझं दळन घेनार न्हाई. तुझ्यामागं कोन दळील?"

नेवाशाजवळचं आमचं गाव. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. नगरच्या सरकारी दवाखान्यानं त्याला "घरी न्या" म्हणून सोडलं, आणि तो घरी यायच्या आधी एड्सची बातमी गावात पोचली. माझी मजुरी बंद. चूल बंद. तेव्हा आमच्या बुद्धवस्तीतल्या बायकांनी घरटी ओंजळभर ज्वारी गोळा करून माझ्या पदरात टाकली. पण नुसती ज्वारी घेऊन काय करू? त्याचं तोंड आतून सोलून निघालेलं. पिठाची पातळ आंबील तेवढी घशाखाली उतरायची. पाट्यावर भरडून पाहिली. कण्या टोचल्या, तो रडला. जातं वस्तीत कुणाकडंच उरलं नव्हतं.

गिरणीत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात येतंच. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. गिरणी बागायतदाराची. आमच्या वस्तीचं दळण गिरणीवाला तसंही शेवटाला ठेवायचा. म्हणजे माझ्यामागं होत्या त्या माझ्याच बायका. ज्वारी देणाऱ्या. मी वळून पाहिलं. एकेकीनं आपला डबा मागं ओढला. त्याच्या लाथेपेक्षा ते जास्त लागलं. मी डबा उचलून घरी आले.

दोन दिवस नवरा पाण्यावर होता.

"आंबील झाली का गं?" एवढंच विचारायचा.

तिसऱ्या दिवशी मी गिरणी उघडताच गेले. डबा सगळ्यांच्या पुढं ठेवला आणि डब्याला धरून बसले.

"माझं दळल्याबिगर आज कुनाचंच न्हाई."

गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. गावानं आईबापावरून शिव्या घातल्या. मी उठले नाही. मग शेजारची सखूमावशी पुढं आली. परवा डबा ओढणारीच.

"घे हिचं. हिच्यामागं माझं लाव."

चार दिवस नवऱ्यानं आंबील खाल्ली. पाचव्या दिवशी गेला.

आता पंचक्रोशीत कुणाच्या घरात हा आजार निघाला की मी माझा डबा भरून तिथल्या गिरणीत जाते. पुढं त्यांचं दळण, मागं माझं. लोक म्हणतात, मावशीचे उपकार फेडते. उपकार कसले? मावशी दोन दिवस उशिरा आली. मीही दोन दिवस उशिरा बसले. ते दोन दिवस मी कुणालाच माफ केलेले नाहीत, मलाही नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी जाते.