तिसऱ्या बेसवरची अरुणा

अंपायर जन्मतःच आंधळा असतो की निळा शर्ट अंगात चढवल्यावर होतो, या विषयावर मी आणि अरुणाने तीन वर्षं चर्चा केली. तिची पूर्वी आणि माझी अवनी एकाच शाळेत, एकाच वर्गात आणि एकाच सॉफ्टबॉलच्या संघात. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि भांडणं तेवढीच. शाळांच्या मॅचेस आठवड्यातल्या दुपारी असायच्या. मी घरून एका कंपनीची मॅन्युअल्स लिहिते, म्हणून मीटिंग चुकवून जाऊ शकायचे. अरुणाला चुकवायला मीटिंगच नव्हती.

ती मूळची अमरावतीची. तिथे शाळेत पीटी शिकवायची आणि त्याआधी पाच वर्षं महाराष्ट्राच्या संघात कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू पकडणारी, होती. पाच वर्षं उकिडवं बसून तिचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे आमच्या ब्लॉकची लिफ्ट बंद पडली की ती आधी लिफ्टवाल्यांना आणि मग स्वतःच्या तारुण्याला शिव्या घालत जिना चढायची. नवरा संजीव इथे परदेशात, जुरोंग ईस्ट भागात आयटीत. त्याच्या नोकरीच्या परवान्यावर अवलंबून असलेला, नुसता राहण्याचा पास घेऊन ती तेरा वर्षांपूर्वी इथे आली. इथल्या शाळेत शिकवायचं तर इथली पदवी हवी, इथला परवाना हवा. तिने दोन वर्षं खटपट केली आणि मग सोडून दिली. 'घरीच असता का तुम्ही?' असं कुणी विचारलं की तिचा चेहरा मिरची चावल्यासारखा व्हायचा. हे विचारणाऱ्यांत एकदा मीही होते.

मैदानावर मात्र ती वेगळी बाई होती. इथे शालेय मॅचला अंपायर म्हणून कोण यायचं, तर कालपरवा शाळा सोडलेली पोरं, नाहीतर दुसऱ्याच खेळाचे शिक्षक. एकजण दोन चेंडूंच्या मधल्या वेळात फोन बघायचा. एकीला चेंडू अंगावर येईल अशी भीती वाटायची, म्हणून ती बेसपासून इतकी लांब उभी राहायची की तिथून तिला फक्त धूळ दिसत असावी. कॅचरने बाहेरचा चेंडू पकडून हात अलगद आत ओढला की हे सगळे मोठ्या आवाजात स्ट्राइक, म्हणजे चेंडू टप्प्यातच होता असा निर्णय, द्यायचे.

"अगं, ही लबाडी मी शिकवायचे पोरींना," अरुणा कपाळावर हात मारून म्हणायची. "हिला तेवढंही दिसत नाही? चेंडू चांगला वीतभर बाहेर होता!"

"तुलाच दिसतं सगळं. तूच जा की मग आत," मी म्हणायचे.

हे मी तिला चिडवायला म्हणत होते. ती खरंच गेली. अंपायरचा कोर्स केला, नियमांचं पुस्तक पाठ केलं, इंग्रजीतली परीक्षा दिली आणि मागच्या वर्षी निळा शर्ट घालून मैदानात उतरली. मिळत काहीच नव्हतं, एक शर्ट, एक टोपी आणि सँडविच. पण पहिल्या मॅचनंतर ती माझ्याकडे चहाला आली तेव्हा बसेचना. स्वयंपाकघरात उभं राहून तिने मला प्रत्येक निर्णय हातवाऱ्यांसकट करून दाखवला. 'आउट' म्हणून मूठ उगारताना तिचा हात माझ्या मसाल्याच्या डब्यांना लागला आणि हळद ओट्यावर सांडली. मी तिला इतकी खूश तेरा वर्षांत पाहिली नव्हती.

आणि ती चांगली होती. नाक मुरडायची सवय असलेली मी हे सांगते आहे. ती जिथे निर्णय होणार तिथे आधीच पोचलेली असायची, दुखऱ्या गुडघ्यांनी. दोन्हीकडचे कोच तिच्याशी वाद घालायचे नाहीत. आमच्या शाळेच्या मॅचला ती उभी राहत नसे. पूर्वी खेळते हे तिने संयोजकांना पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

यंदा मुली सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्या दहावीला होत्या. खेळातल्या कामगिरीवर चांगल्या ज्युनियर कॉलेजात जागा मिळते, परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच. त्यासाठी संघ निदान उपांत्य फेरीत पोचायला हवा, असं आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ठाम मत होतं. ग्रुप चालवायच्या मिसेस क्वेक. अवनीचे गणितातले मार्क बघता माझा सगळा भरवसा तिच्या बॅटवर होता, हे मी लपवत नाही.

शेवटच्या साखळी मॅचला दुपारी विजेच्या धोक्याचा भोंगा वाजला. तो वाजला की मैदान रिकामं करावं लागतं. दीड तास सगळे शेडखाली बसलो. भोंगा थांबला तेव्हा कळलं की बेसवरचा अंपायर निघून गेला आहे. त्याला साडेचारला ट्यूशन शिकवायला जायचं होतं. शेजारच्या मैदानावरची मॅच संपवून अरुणा तेवढ्यात आमच्याकडे येऊन बसली होती, निळ्या शर्टातच. संयोजक धावत आले.

"नो, नो. माय डॉटर इज प्लेइंग," ती म्हणाली.

दुसरं कुणी नव्हतं. मॅच पुढे ढकलायला मैदानाची तारीख नव्हती. समोरच्या कोचने अरुणाचं अंपायरिंग पाहिलेलं होतं, तो म्हणाला, चालेल. आमच्या कोचने तर हसूनच होकार दिला. ती आत निघाली तेव्हा आम्ही पालकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मिसेस क्वेकनी मला कोपराने ढोसलं आणि डोळा मारला. मीही हसले.

मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसले होते, कारण सावली तिथेच होती. शेवटच्या डावात धावसंख्या बरोबरीत आली. आमच्या दोघी आउट, तिसरी गेली की डाव संपला, पूर्वी दुसऱ्या बेसवर, आणि बॅटवर अवनी. पहिल्याच चेंडूला अवनीने असा फटका मारला की मी उभीच राहिले. चेंडू मागच्या कुंपणाकडे गेला आणि पूर्वी सुटली. तिसऱ्या बेसला वळताना ती आतल्या बाजूने गेली. तिचा पाय बेसवर पडलाच नाही. टीचभर अंतर राहिलं, पण राहिलं. मला ते लख्ख दिसलं. ती तशीच पुढे गेली, रन पुरा करायला होम प्लेटवर घसरली, आणि आमच्या मुलींनी किंकाळ्या मारत तिच्यावर उड्या घेतल्या.

आम्ही जिंकलो होतो. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

या खेळात एक विचित्र नियम आहे. धावताना प्रत्येक बेसला पाय लागायलाच हवा, पण धावणारीने बेस चुकवला तरी अंपायरने आपणहून काही बोलायचं नाही. समोरच्या संघातल्या कुणीतरी मैदान सोडायच्या आत तसं सांगावं लागतं. सांगितलं तर आउट, नाही सांगितलं तर रन पक्का. हे मला अरुणानेच कधीतरी समजावलं होतं. समोरच्या मुली मान खाली घालून बाहेर निघाल्या होत्या. अरुणा मात्र जागची हलली नव्हती. ती तिसऱ्या बेसपासून चार पावलांवर, हात पाठीमागे बांधून, कुणाकडेही न बघता उभी होती. जा गं बायांनो लवकर, असं मी मनातल्या मनात त्या मुलींना म्हणत होते.

समोरच्या संघाची तिसऱ्या बेसवरची मुलगी रेषेपाशी येऊन थांबली. अगदी बारकी, चष्म्याला पट्टा लावलेली. ती वळली, अरुणाजवळ आली आणि भीतभीत म्हणाली, "अंपायर, नंबर सेव्हन नेव्हर टच थर्ड बेस."

अरुणाने मूठ वर केली. "आउट. नो रन."

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते मी सांगत बसत नाही. आमचा कोच ओरडला, पूर्वी रडत "आय टच्ड! आय टच्ड!" म्हणत राहिली, अवनीने हेल्मेट आपटलं. जादा डाव झाला आणि आम्ही एका रनने हरलो. उपांत्य फेरी गेली. अरुणा बाहेर आली तेव्हा पालकांनी वाट करून दिली, म्हणजे सगळे दोन पावलं मागे सरकले. मी वाकून पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले.

त्या संध्याकाळी ग्रुपवर तक्रारीचं पत्र ठरलं. विषय, शालेय स्पर्धांतला अंपायरिंगचा दर्जा. माझं इंग्रजी बरं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मला 'नाही' म्हणता आलं असतं. अवनी खोलीत दार लावून रडत होती, आणि मी लिहायला बसले. तीन वर्षं अरुणा आणि मी मिळून ज्या तक्रारी करत होतो त्या सगळ्या मला तोंडपाठ होत्या. प्रशिक्षण अपुरं, उभं राहायची जागा चुकीची, कुणाला काही जबाबदारी नाही. पण या सगळ्याने अरुणाचं काही बिघडलं नसतं, म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं. 'आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवण्याच्या भरात या अंपायरने स्वतःच्याच मुलीविरुद्ध निर्णय दिला, असं मानायला जागा आहे.' मिसेस क्वेकनी त्याखाली अंगठ्यांची रांग लावली. एकोणीस पालकांनी सही केली, मीही केली. संजीवला कुणी विचारलंच नाही.

आठवड्याभरात अरुणाला दोन ओळींची ईमेल आली. या मोसमात तिची गरज नाही. तिला कुणी बोलावलं नाही, काय पाहिलंस असं कुणी विचारलं नाही. तिने शर्ट धुतला, इस्त्री केला आणि टोपीसकट परत नेऊन दिला. तो परत मागितलेला नव्हता.

त्यानंतर ती माझ्याकडे आली, तेव्हा सोफ्यावर नुसती बसून राहिली. पत्र तिला कुणीतरी पाठवलं होतं. ते कुणी लिहिलं हे तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "मी तिथे उभी राहून देवाला म्हणत होते, कुणी काही विचारू नये. फक्त अर्धं मिनिट. निघाल्या होत्या गं सगळ्या. तेवढ्यात ती चिमुरडी वळली."

"तू ऐकलं नाहीस असं करायचंस," मी म्हटलं.

"तिने कुणाकडे जायचं मग?" अरुणा म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "पूर्वी माझ्याशी बोलत नाही. जेवायला ताट घेऊन खोलीत जाते. त्या पत्रातलं वाक्य तिला पाठ झालंय. आई शायनिंग मारायला माझ्यावर उलटली, म्हणते. नीता, तू त्याच बाजूला होतीस. तुला दिसलं असणार. पत्रबित्र जाऊ दे, शर्टही जाऊ दे. पण पूर्वीने तुला विचारलं ना, तर तेवढं तिला खरं सांग. बाकी कुणालाच सांगू नकोस."

"सांगेन की," मी म्हटलं. तेव्हा मला तसं वाटतही होतं.

पूर्वीने विचारलं ते परवा, यिशुनच्या बस इंटरचेंजवर, म्हणजे मोठ्या बसस्थानकावर. दोघी मुली शाळेतून आल्या होत्या, मी अवनीला न्यायला थांबले होते. अवनीला त्याच दिवशी कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. कोचने शिफारसपत्रात लिहिलं होतं की निर्णायक फटका तिचा होता, चुकीच्या निर्णयामुळे तो वाया गेला. ते वाक्य त्याने आमच्याच तक्रारपत्राच्या आधारे लिहिलं होतं. अवनी माझ्या शेजारी उभी होती, हातात ते बोलावणं उघडलेला फोन, तोंडभर हसू.

"मावशी," पूर्वी म्हणाली. ती माझ्याकडे न बघता दप्तराचा पट्टा पिळत होती. "यू वर सिटिंग दॅट साइड, राइट? टेल मी ऑनेस्टली. आय टच्ड ऑर नॉट?"

त्या मुलीला खरं हवं होतं. मी तिला लहानपणापासून ओळखते. पाय पडला नाही असं मी म्हटलं असतं तर ती रडली असती, आणि त्याच संध्याकाळी ताट घेऊन आईशेजारी येऊन बसली असती. एवढंच करायचं होतं मला. अवनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला नीट दिसलं नाही गं," मी म्हटलं. "समोर कोणीतरी उभं होतं."

पूर्वीने मान हलवली. "सो नोबडी सॉ. ओन्ली ममा." मग खांदे उडवून ती म्हणाली, "देन शी एनीहाऊ कॉल, लाह."

इथल्या मुलांच्या बोलीत 'एनीहाऊ' म्हणजे मनाला येईल तसं. 'तसं नाही' असं मी म्हटलं नाही. आमची बस आली. अवनी आधी चढली, मी तिच्या मागून कार्ड टेकवलं आणि आम्हाला दोघींना बसायला जागा मिळाली.