शिकवायला की पारखायला?

शनिवारी दुपारी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत आम्ही पाचसहा जण हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या गुरूंची गूढ प्रवचनं वाचायला बसतो. परदेशातून आलेले नवे शिक्षक ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "जगाला जागा व्हावी म्हणून देवानं स्वतःला आवरून घेतलं." सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. बाहेरच्या माणसापुढे अशा माना डोललेल्या मला खटकल्या. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणाऱ्या आम्हां कोकणातल्या बेने इस्रायलींना हा माणूस शिकवायला आलाय, की आम्ही खरे ज्यू आहोत का ते पारखायला?

शेवटी मी विचारलंच, "आमच्यात काय कमी दिसलं तुम्हाला?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "काही नाही. मला हे एकट्यानं वाचून कळत नाही."

आमच्यातल्या रिबेकामावशी हळूच म्हणाल्या, "मान डोलावली खरी, पण मलाही काही कळलं नव्हतं."

शिक्षकांवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. म्हणूनच दर शनिवारी त्यांच्या शेजारची खुर्ची मी धरतो.