सामंतांनी बुडवलेलं राज्य

धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या देवळाशेजारी राधाकिशनचं घर आणि शेळ्यांचा गोठा. देऊळ बघायला आलेला माणूस पाणी मागायला त्याच्या ओट्यावर टेकला, की संपलाच. हे देऊळ बांधणाऱ्या चालुक्यांचं राज्य गोष्टीत बुडेपर्यंत राधाकिशन त्याला उठू द्यायचा नाही.

हे राज्य कशानं बुडालं, ते त्यानं एका साहेबाच्या तोंडून ओझरतं ऐकलं होतं. साहेब सोबतच्यांना सांगत होते की कल्याणीच्या चालुक्यांचं एवढं साम्राज्य शेवटी सामंतांनीच गिळलं, त्यात तो बिज्जल तर थेट गादीवर बसला. राधाकिशननं तेवढंच उचललं आणि घरचा मसाला घातला. बिज्जल हे नाव, सामंत हे आडनाव, म्हणजे माणूस कोकणातला. नोकरीला लागला, गोड बोलून राजाच्या किल्ल्या घेतल्या आणि राजालाच बाहेर काढलं. ऐकणारे पोट धरून हसायचे. राधाकिशनला वाटायचं, आपली सांगायची हातोटीच तशी.

आणि नेमकं त्याच्याच पोरीनं, अंबाजोगाईला नर्स असलेल्या उज्ज्वलानं, यंदा दिवाळीत घरी येऊन सांगितलं की तिला सोबत काम करणाऱ्या मुलाशी लग्न करायचंय. मुलगा गुणी, निर्व्यसनी. राहणार कुडाळ. आडनाव सामंत. लग्नानंतर दोघं तिकडेच जाणार.

राधाकिशनचा घास हातातच राहिला. जातीवरून बिनसलं असणार, असं शेजारच्या बायनाबाईनं चार घरी सांगूनही टाकलं. पण तो म्हणाला ते भलतंच.

"ज्यायनी एवढं राज्य बुडवलं, त्यायच्या घरात पोरगी द्यायची? न्हाई."

उज्ज्वलाला हसू आलं, पण बापाचं तोंड बघून तिनं ते गिळलं. आबा नको म्हणाले तर लग्न होणार नाही, हे तिनं त्या मुलाला आधीच सांगितलं होतं.

"आबा, तो सामंत म्हंजे आडनाव न्हाई ओ. राजाच्या हाताखालचे सरदार."

मग तिनं नीट उलगडून सांगितलं. राज्य लई मोठं, राजा एकटा कुठं पुरणार? म्हणून लांबचा मुलूख सरदारांना दिला, त्यांना फौजाही ठेवू दिल्या. राजा जोरकस होता तोवर ते मान खाली घालून वागले. पुढचे राजे दुबळे निघाले, लांबच्यांची खबर घेईनासे झाले. बिज्जलानं गादीच बळकावली आणि मागून यादव, होयसळ यांनीही आपापला तुकडा तोडला.

हसून गेलेले सगळे पाहुणे राधाकिशनच्या डोळ्यांपुढून जात असावेत, कारण कान लाल झाले होते.

"मंग ह्या पोराच्या घरात कुनी गादी बळकावली न्हाई?"

"त्याचे वडील पोस्टात होते, आबा."

चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, बायडाबाईला, राहवेना. "सामंताला काहून मधी घालता? पोरगी लांब चाललेली सोसत न्हाई, तेवढं बोला की."

राधाकिशननं ताट बाजूला सारलं, उगाच मिशीवर हात फिरवला.

"लांबच्याची खबर घेतली न्हाई म्हणून राज्य गेलं म्हंतीस?"

"हां."

"मंग मी येत जाईन. बोलवायची वाट बघनार न्हाई, आधीच सांगून ठेव त्यायला," राधाकिशन म्हणाला. "आन् मी मासे खात न्हाई, हे बी सांग."

उज्ज्वला फोन घेऊन ओट्यावर गेलीसुद्धा होती.