थर्ड डिव्हिजनचे थोरले जावई

फुटबॉलवर इतकं प्रेम करणारा आणि चांगल्या फुटबॉलचा इतका तिटकारा असलेला माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. तंजावरातले आमचे सगळे मराठी लोक त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. पण सासऱ्यांच्या घरात ते कायम 'थोरले जावई' होते आणि मी 'तो भांडीवाला'. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि मी सायकलला पितळेची भांडी बांधून पापनाशमपर्यंतची खेडी पालथी घालणारा. पुढे मी गावात दुकान घेतलं, दुकानावर मजला चढवला, पण सासऱ्यांच्या पंगतीत पहिलं पान त्यांचंच राहिलं. ज्याला जन्मभर पहिलं पान मिळालं, त्याने पहिल्या दर्जाच्या गोष्टीची थोडी कदर करावी, एवढी अपेक्षा मी करायची की नाही? तर या गृहस्थांना जगात सगळ्यात जास्त आवडते ती आमच्या जिल्हा लीगची सर्वांत खालची डिव्हिजन. जिथे गोलकीपरचा ग्लोव्ह एकच असतो आणि हाफटाइमनंतर तो समोरच्या गोलकीपरला द्यायचा असतो, ती.

मला फुटबॉल कळतं. युरोपातल्या मोठ्या टीमा मी गेली कित्येक वर्षं बघतो आहे. वर्ल्ड कपच्या फायनलसाठी मी भिंतभर टीव्ही आणला, दुकानदाराला इतका घासला की शेवटी तो म्हणाला, "अय्या, टीव्ही घेऊन जा, पण पुन्हा येऊ नका." गल्लीतले सगळे जमले, बायकोने हरभऱ्याचं सुंडल केलं, आणि मधल्या मोठ्या सोफ्यावर मी अण्णांना बसवलं. सामना असा रंगला, की शेजारच्या वकिलांनी आपली वाटी माझ्या वाटीत उपडी केली तरी त्यांना कळलं नाही. आणि अण्णा झोपले. डुलकी नव्हे, तोंड उघडं टाकून, घोरून, लग्नघरातल्या आचाऱ्यासारखे झोपले. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, चार लोकांसमोर. मी हलवून उठवलं तेव्हा म्हणाले, "धाकटे जावई, रागावूं नका. चांगलेच खेळत होते हो ते. पण मी जागा असलों काय, निजलों काय, त्यांना कांही फरक पडतो काये?" हा अपमान मी अजून गिळलेला नाही, आणि गिळणारही नाही.

तरीही मी हट्ट सोडला नाही. वाटलं, टीव्हीवर नाही तर प्रत्यक्ष दाखवू. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा सामना कोचीला होता. तिकिटं संपली होती. एका माणसाशी फोनवर अर्धा दिवस हुज्जत घालून मी दोन तिकिटं मिळवली आणि अण्णांना गाडीत घालून नेलं. स्टेडियम पिवळ्या जर्सींनी काठोकाठ भरलेलं, ढोल, आरोळ्या. अण्णा वरच्या रांगेत छत्री मांडीवर घेऊन बसले. जरा वेळाने उठून उभे राहिले आणि खाली मुंगीएवढ्या दिसणाऱ्या एका खेळाडूला हात करून ओरडले, "अरे डावीकडे बघ, मेल्या!" मग थांबले. त्याने वळून बघण्याची वाट पाहत होते. तो कसला वळतोय! अण्णा खाली बसले, थोड्या वेळाने पुन्हा उठले, मला वाटलं लघवीला गेले. सामना संपला तरी आले नाहीत. शोधत बाहेर आलो, तर मागच्या गल्लीत दोन मोटारसायकली गोलचे खांब म्हणून उभ्या करून कोणी रिक्षावाले खेळत होते आणि अण्णा मध्ये उभे राहून ऑफसाइडचा वाद सोडवत होते. त्यांना मल्याळम येत नाही, रिक्षावाल्यांना मराठी येत नव्हतं. वाद जोरात चालला होता. परतीच्या वाटेवर, तिरुच्ची आली तेव्हा, तेच म्हणाले, "तो चंद्र आहे हो. चंद्र सुंदरच असतो. पण चंद्राला 'पळ मेल्या' म्हणून बघा."

त्यांचं चंद्र नसलेलं फुटबॉल बघायचं तर पापनाशमच्या बसमध्ये बसायला हवं. कालव्याच्या काठचं मैदान, अर्ध्यावर भात वाळत घातलेलं. कापणीच्या दिवसांत लीगचं वेळापत्रक भाताला विचारून ठरतं. बॉल कालव्यात पडला की सामना थांबतो आणि दोन्ही टीमा काठाकाठाने चालू लागतात, त्यांच्यापुढे वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून अण्णा. एरवी त्यांची जागा समोरच्या टीमच्या गोलमागे. गोलकीपर म्हणजे लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसवून ठेवलेला म्हातारा, गडबड सगळी दुसऱ्या टोकाला, त्याला विचारतो कोण, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते त्याच्यासाठी घरून ताक नेतात आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. बिचारा भला मुलगा वळून उत्तर देतो आणि तेवढ्यात गोल होतो. एका टीमने यावर तक्रार केली होती. अण्णांनी चौकशीत सांगितलं की आईच्या गुडघ्यांना ऑफसाइड लागू नाही.

पण त्यांची खरी कर्तबगारी म्हणजे शिव्या. मैदानावर ते फक्त मराठीत ओरडतात, आणि तेही आमच्या तंजावरी मराठीत, जी पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाही अर्धीच कळते. रेफरीला एक अक्षर समजत नाही, त्यामुळे त्यांना बाहेर काढायचं कोणत्या नियमाखाली, हा त्याच्यापुढे प्रश्न. तांदळाच्या गिरणीची एक टीम त्यांनी धरली होती. पोती उचलणारी मुलं, सगळी तमिळ. पण ऐकून ऐकून ती मराठीत खेळू लागली. "पळ रे, मेल्या!" "मागें बघ, रेड्या!" समोरच्या टीमला वाटे काहीतरी गुप्त योजना आहे, आणि ते घाबरून मागे सरत. त्यांच्यात सेल्वम नावाचा लेफ्ट बॅक होता. अण्णा ओरडले की तो खेळ सोडून वळायचा, हात वर करायचा आणि ओरडायचा, "पळतों, मामा!" मग पळायचा. बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. पण उत्तर दिल्याशिवाय तो कधी पळाला नाही.

एखादी टीम वर गेली, की अण्णांनी तिला सोडलंच. पोस्टाची टीम गेली, शाळामास्तरांची गेली. वर चढली त्या दिवशी पेढे वाटायचे आणि दुसऱ्या दिवसापासून नाव नाही. "पोरगी सासरीं गेली, की तिच्या स्वयंपाकघरांत डोकावूं नये," म्हणायचे. गिरणीच्या टीमच्या वेळी मात्र हे त्यांना जमलं नाही. ही टीम त्यांनी धरली ती आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेली त्या वर्षी. मुलगी कॅनडात, नातवंडं फोनवर येतात, यांचं मराठी सगळं समजतं त्यांना, उत्तर इंग्रजीत येतं. माझ्या घरी तरी काय, मी आणि बायको भांडतो तेवढं मराठीत, संसार तमिळमध्ये चालतो. अण्णांना भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. आणि गिरणीची टीम, आपल्याच चुकीने म्हणा किंवा समोरच्यांच्या भीतीमुळे म्हणा, जिंकत सुटली आणि वर चढली. पेढे अण्णांनी वाटले, पण नाव सोडवेना.

वरच्या डिव्हिजनचे सामने गावातल्या स्टेडियमवर होतात. कुंपण, गॅलरी, लाउडस्पीकर. पहिल्या सामन्याला ते आपण होऊन माझ्याकडे आले. "धाकटे जावई, येतां काय? तुमच्या तोलाचें फुटबॉल आहे आज." मी गेलो. खेळ खरोखर चांगला होता, हे मी आजही म्हणेन. गिरणीची मुलं नव्या जर्सीत ओळखू येत नव्हती. अण्णा कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे होते. "सेल्वा, डावीकडे!" लाउडस्पीकरवर कोणा भांडारवाल्याची जाहिरात. "सेल्वा! मागें बघ रे!" ढोल. सेल्वम पळत होता, यावेळी वेळेवर पळत होता, आणि एकदाही वळला नाही. सामना संपल्यावर तो फाटकाशी धावत आला, घामाने निथळत, वाकून पाया पडला.

"मामा, आलांत? मला आवाजच आला नाही!"

"ओरडलोंच नाही रे," अण्णा म्हणाले. "बघत होतों नुसता. छान खेळलास."

मी शेजारीच होतो. घसा इतका बसला होता त्यांचा की हे वाक्यसुद्धा धड निघालं नाही.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी लीगच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि ज्या माणसाच्या ओरडण्यावर गिरणीची पोरं वर आली त्याला जाळीबाहेर उभा करता, म्हणून टेबल वाजवलं. तो नियम सांगू लागला, मी आवाज चढवला. तो गॅलरीतली पुढची रांग द्यायला तयार झाला, मी उठून निघालो. दारात त्याने गाठलं आणि कुंपणाच्या आत, थेट रेषेजवळ, एक खुर्ची कबूल केली. अट एकच, आत बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मी विजयी वीरासारखा अण्णांकडे गेलो. ते भांडी घासत होते. सगळं ऐकून घेतलं, तवा पालथा घातला, हात पुसले.

"गप्पच बसायचें, तर घर काय वाईट आहे हो?"

त्या घरात मी पुष्कळदा गेलो होतो, पण तिथे किती शांत असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कानांना जाणवलं.

मग त्यांनी ओरत्तनाडूची एक टीम शोधून काढली, खतांच्या दुकानांत काम करणाऱ्यांची, लीगच्या तळाशी गाळासारखी बसलेली. या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. दहा मिनिटांत मला सहन होईना. एकाच टीमचे दोघं एकमेकांवर आदळून पडले आणि तिसरा त्यांच्यावरून उडी मारायला गेला. "अण्णा," मी म्हणालो, "हे फुटबॉल नव्हे. हे दावं तोडून सुटलेले बैल आहेत. आणि तुम्हाला हे त्या वरच्या खेळापेक्षा आवडतं म्हणता?"

"आवडत नसेल तर जा की! बोलावलें कोणी?"

"जातोच!" म्हणून मी तरातरा मैदानाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेलो आणि तिथे एका भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. समोर, मैदानापलीकडे, अण्णांची छत्री दिसत होती.

"डावीकडे बघ रे, मेल्या!" अण्णा ओरडले.

जवळच्या पोराने एकदा इकडेतिकडे पाहिलं. म्हातारा फोनवर बोलतोय असं त्याला वाटलं असावं. अण्णा पुन्हा ओरडले. कोणी वळलं नाही. तिसऱ्यांदा आवाज मधेच तुटला, आणि मग ते छत्री टेकून उकिडवे बसले. बॉल त्यांच्या पायांजवळून गेला, तरी त्यांनी पाहिलं नाही.

माझा राग मोठा, पण मला तेवढं बघवेना.

"अण्णा!" मी पूर्ण मैदानावरून हाक मारली. "डावीकडे कोणी नाहीच आहे! तो बघणार काय?"

छत्री वर आली. अण्णा उभे राहिले.

"नाही कसा? तो काळ्या चड्डीवाला!"

"तो त्यांचा आहे!"

"त्यांचा? मग आपला कोठें गेला?"

"झाडाखाली बसलाय! त्याची चप्पल तुटली!"

"खेळायला चप्पल घालून आला, रेडा?"

रेफरीने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. धावत माझ्याकडे आला आणि तमिळमध्ये, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "पेरियवरे, काय भांडण आहे? पोलीस बोलावू?" मी म्हटलं, भांडण नाही बाबा, बोलतोय. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खेळ पुन्हा सुरू केला.

मग आम्ही बोलत राहिलो. मध्ये बावीस माणसं धडपडत होती आणि त्यांच्या डोक्यांवरून आमचं मराठी जात-येत होतं. माझ्या बायकोची पाठ कशी आहे, त्यांनी विचारलं. घरी काय केलंय, विचारलं. "वांग्याची भाजी! रसम!" मी ओरडलो. "माझ्यासाठीं ठेवायला सांगा!" अक्का गेल्यापासून त्यांनी कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. खालचं फुटबॉल वरच्यापेक्षा चांगलं असतं, हे मला कोणी पटवू शकणार नाही. मी धंद्याचा माणूस आहे, माल बघून बोलतो. पण त्या दिवशी कोण जिंकलं ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही.

शेवटची शिट्टी झाली. पोरं सायकली काढून निघाली, कोणीतरी गोलचं जाळं सोडून खांद्यावर टाकून नेलं. मधलं मैदान रिकामं झालं. आता ओरडायची गरज नव्हती. हळू बोललं असतं तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. पण अण्णा त्यांच्या रेषेवरून ओरडतच होते, आणि मी माझ्या.