वरच्या मजल्यावरची मेंढरं

घराचा वरचा मजला भाड्यानं दिला की महिन्याला भाडं येतं. तोच गेम बनवणाऱ्यांना दिला तर भाड्याच्या आधी किस्से येतात! माझ्याकडे आता इतके साठलेत की बायको म्हणते, "नाना, एक खोली किश्शांना लावा, निदान माझे कान तरी रिकामे होतील."

आम्ही मुळशीतल्या भुकूमचे. वर बसते केतकी, तिच्या हाताखालचा रोहन आणि आणखी चार पोरं. बनवतायत एक ऑनलाइन गेम, नाव 'कळप'. प्रत्येक खेळाडूला मेंढरांचा एक कळप. तो डोंगरातून, रानातून, पौड रोड ओलांडून न्यायचा, लांडग्यापासून राखायचा आणि कुणाच्या तरी शेतात बसवायचा. शेतात मेंढरं बसली की लेंडीखत पडतं, शेतकरी खूश, तुम्हाला पॉइंट!

गेम पुरा व्हायच्या आधीच त्याचे प्रिव्ह्यू नेटवर सोडतात आणि लोक काय बोलतात ते बघतात. आता लोक बोलणार मुळशीच्या भाषेत, आणि केतकी पुण्याच्या कोथरूडची. त्यामुळे कॉमेंट वाचून तिला समजावून सांगायचं खातं माझ्याकडे आलं. मी थोडा मीठमसाला लावतो, पण अर्थ बदलत नाही. फारसा.

पैसा हैदराबादच्या एका साहेबांचा. त्यांनी रोखठोक सांगितलेलं, "दिवाली के प्रिव्ह्यू में पब्लिक टिकनी चाहिए. नहीं तो दुकान बंद!" म्हणजे पोरांच्या नोकऱ्या गेल्या, केतकीची इतक्या वर्षांची धडपड गेली, आणि माझं खातंही गेलं.

* * *

पहिला प्रिव्ह्यू आला. मेंढरं दिसली पांढरीशुभ्र, गुबगुबीत, लांब शेपटीची. पोरांनी नेटवरून तयार विकत घेतलेली, कुठल्या तरी थंड देशातली!

कॉमेंटचा पाऊस पडला. "पौड रोडला बर्फ कवा पडला?" "ही मेंढरं हायत का उशा?" पिरंगुटच्या एका कारखान्यातल्या माणसानं लिहिलं, "आमच्या साहेबांच्या सोफ्याला पाय फुटले."

दरवर्षी माझ्या रानात कळप बसवणारा बापू तेव्हा ओट्यावर चहा पीत होता. त्याला फोन दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, "नाना, ह्यांची लोकर कातरायची, का इस्त्री करायची?"

पोरांनी रातोरात मेंढरं काळी केली, शेपट्या छाटल्या. दुसऱ्या दिवशी परदेशातून एका खेळाडूची तक्रार आली की मेंढ्यांचा रंग बिघडलाय, दुरुस्त करा.

केतकीनं विचारलं, "काका, काय उत्तर देऊ?"

मी म्हटलं, "लिही, ऊन लागलं."

त्या उत्तराला प्रिव्ह्यूपेक्षा जास्त लाइक पडले!

* * *

दुसऱ्या प्रिव्ह्यूत रोहननं आमच्या गावचं शिवार जसंच्या तसं उतरवलं. ओढा, चिंच, देऊळ, सगळं. मी खूश. गाव मात्र पेटलं!

सकाळी सकाळी माझा थोरला चुलतभाऊ आप्पा जिना चढून वर. हातात मोबाईल, डोक्यात राख.

"ह्यो बांध कुणी सरकवला? माझं रान आत घेतलंय! ह्या नान्यानंच सांगितलं आसंल!"

रोहन बिचारा म्हणाला, "आजोबा, हे खरं शेत नाहीये."

"खरं न्हाई तर मग सरकव की म्हागं! तुला काय खर्च येतोय का?"

रोहननं माऊसनं बांध मागं सरकवला. आप्पा समाधानानं उतरला आणि उतरता उतरता सगळ्या आळीला सांगत गेला. दुपारी शेजारचा आला. मग त्याचा शेजारी. तलाठ्याच्या दारात नसेल एवढी माणसं रोहनच्या खुर्चीमागं उभी! बांध सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं. मेंढरांनी चरायचं कुठं?

शेवटी रोहननं डोकं लढवलं. ज्याच्या फोनवर गेम उघडेल, त्याला त्याचं स्वतःचं रान थोडं मोठं दिसायचं. बास!

प्रिव्ह्यू परत सोडला. आप्पानं पारावर सगळ्यांसमोर उघडून बघितला आणि मांडीवर थाप मारली, "आता कसं! ह्याला म्हणायची मोजणी!"

पारावरच्या बाकीच्यांनी आपापले फोन उघडले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आमचं गाव एकमतानं "व्हय" म्हणालं.

* * *

लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या पोरांना तिसरा प्रिव्ह्यू खेळून बघायला दिलेला. मेंढ्याला नाव ठेवायची सोय होती. पोरांनी काय करावं? सगळ्यात मोठ्या मेंढ्याचं नाव ठेवलं 'रेक्टर', आणि त्याला मुद्दाम लांडग्यापुढं उभा करून व्हिडिओ टाकला. अख्खं हॉस्टेल हसून लोळलं.

मग खुद्द रेक्टरसाहेबांचा केतकीला फोन. पोरीचा चेहरा उतरला. फोन स्पीकरवर.

"मॅडम, माझ्या नावाचा मेंढा तुमच्या गेममध्ये आहे असं कळलं."

"सर, सॉरी सर, आम्ही लगेच काढतो..."

"काढू नका हो! शिंगं वाढवा त्याची. आणि लांडग्याला एक तरी धडक मारू द्या!"

केतकीनं शिंगं वाढवली. आता त्या हॉस्टेलात रेक्टरचा मेंढा सांभाळायला पोरांचे नंबर लागतात, आणि म्हणतात रेक्टर स्वतः गुपचूप दुसऱ्या नावानं लांडगा होऊन येतात. मी पाहिलं नाही, पण मी सांगतोय म्हणजे खरं असणार.

* * *

गेममधली मेंढपाळाची हाळी माझ्या आवाजात आहे. "हुर्रर्र, हाऽ हाऽ!" अशी एकदाच दिली, तर रोहनच्या यंत्रातला काटा पार टोकाला गेला.

प्रिव्ह्यूखाली एका शहाण्यानं लिहिलं, 'आवाज फेक वाटतो.' मला लागलं. मी तीच हाळी फोनवर मोठ्या आवाजात लावून अंगणात उभा राहिलो आणि बायकोला म्हटलं, "तूच सांग, फेक आहे?"

ती बोलायच्या आत ओढ्यापलीकडून बापूच्या कळपातल्या शेळ्या उधळल्या, कुंपणाखालून घुसल्या, माझ्या बाजूनं गेल्या आणि थेट जिना चढल्या! वर रोहनच्या हेडफोनची वायर एकीनं अर्धी खाल्ली. पोरं टेबलावर उभी.

मागून धापा टाकत बापू आला. मी त्याला ती कॉमेंट वाचून दाखवली.

बापू म्हणाला, "ह्या बाबाला म्हणावं, शेळ्यास्नी इचार."

* * *

आणि मग दिवाळीचा प्रिव्ह्यू आला. ह्या वेळी व्हिडिओ नाही, लाइव्ह. ज्याला वाटेल त्यानं यायचं, खेळायचं. हैदराबादहून साहेब स्वतः बघणार. केतकीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

रोहननं आदल्या दिवशी एक सुधारणा केलेली. कळपाला शेतात बसवायला त्रास होतो अशी खेळाडूंची ओरड होती. म्हणून त्यानं मेंढरांना शिकवलं, काळी जमीन दिसली की आपसूक बसायचं.

रविवारी दुपारी हजारो कळप एकदम डोंगर उतरले, पौड रोडवर आले, आणि बसले.

डांबरपण काळंच की!

उठवता उठेनात. मागून गेममधल्या बसगाड्या, टेंपो, ट्रॅक्टर येऊन थटले. पार पिरंगुटपासून भूगावपर्यंत रांग. केतकीनं डोकं धरलं. "काका, संपलं सगळं."

मी कॉमेंट वाचायला घेतल्या.

"पुढं काय झालंय?" "कोन मंत्री हाय का?" "मी कडंनं घालतुया, या माझ्या म्हागनं!" एकानं आपला मेंढपाळ बसच्या पुढं उभा केला आणि हात हलवून ट्रॅफिक सोडायला लागला. दुसरा त्याच्याशी भांडायला लागला, "तुला कुनी नेमला रं?" एका मुलीनं लिहिलं, "रोज ऑफिसातून येताना अडकते, आज सुट्टी म्हणून घरी बसून अडकलेय. एकदम घरच्यासारखं वाटतंय!" नाशिकचा एक म्हणाला, "सुटलं की सांगा, जेवून येतो." लगेच परत आला, "ताट हितंच घेतलंय."

एकही जण गेम सोडून जाईना! उलट जाम बघायला नवे यायला लागले. स्क्रीनवरचा खेळाडूंचा आकडा फुगतच चालला.

तेवढ्यात रोहन ओरडला, "सापडलं! एका बटणात मेंढ्या उठवतो!"

केतकीनं झडप घालून त्याचं मनगट धरलं. "हात लावून तर बघ!"

दिवस मावळला तरी जाम तसाच, पब्लिक तशीच. फोन वाजला. साहेब.

"केतकी जी, ये जाम वाला फीचर किसका आइडिया है?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "लोकल रिसर्च है, सर."

"कमाल है! कल आता हूँ. साइन करते हैं."

दुसऱ्या दिवशी साहेबांची वाट बघून आम्ही थकलो. फोन केला तर मागं भोंग्यांचा कालवा. भूगावजवळ रस्त्याच्या मधोमध कुणाची तरी मेंढरं बसलेली, आणि साहेबांची गाडी मध्ये अडकलेली! केतकी म्हणाली, "साहेब आता तिथूनच परत फिरणार." बायकोनं देवाला दिवा लावला.

उन्हं कलल्यावर साहेब आले. टाय खिशात, बुटांना लेंड्या, घसा बसलेला. जिना चढतानाच ओरडले, "मैंने छुड़ाया! मैंने! बस वाला भी मेरी सुन रहा था!" पाणीसुद्धा न पिता त्यांनी सह्या केल्या. पोरांनी एकमेकांना उचलून घेतलं. आप्पानं खाली फटाक्यांची माळ लावली.

निघताना साहेब ओट्याशी थांबले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "एक बात सच बताइए. भूगाव में जो भेड़ें बैठी थीं, वो भी आपकी पब्लिसिटी थी ना?"

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं.

ओट्याच्या कडेला बापू चहा पीत बसला होता. "काय म्हंत्यात सायेब?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

बापूनं बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाला, "त्यास्नी इचारा, जाताना परत बसवू का?"