जवळ्याची बातमी

सरकारी कार्यक्रमात पाहुणे स्टेजवर चढले, की भाऊ आपली खुर्ची उचलून उलटी ठेवायचे आणि स्टेजकडे पाठ करून बसायचे. पत्रकारांच्या रांगेत सगळ्यांची तोंडं हारतुऱ्यांकडे, यांचं एकट्याचं लोकांकडे. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "बातमी हिकडं हाय."

असा एखादा वार्ताहर तुमच्याही तालुक्यात तुम्ही पाहिला असेल. खिशाला दोन पेनं, पायात झिजलेल्या चपला आणि निम्म्या पुढाऱ्यांशी वाकडं. म्हसळ्याच्या स्टँडवर माझा पेपरचा स्टॉल आहे. सकाळी मी गठ्ठा सोडायच्या आत भाऊ हजर. आपली बातमी आलेली असली की ती मला मोठ्याने वाचून दाखवायचे. नसली की चहा मी पाजायचा, असा आमचा रिवाज पडला होता. चहाच जास्त झाले.

किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात सरकारने मासळी सुकवायला सिमेंटचे ओटे बांधले. बायकांनी उद्घाटनाची वाट न बघता जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, पसरायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात ठरलं, की लोकार्पणाला आमच्या भागाचे साहेब येणार आणि सोबत मुंबईहून एक नटी आणणार. झालं! नटीला वास येईल म्हणून आदल्या दिवशी ओल्या जवळ्याचे ढीग करून ताडपत्रीखाली कोंबायला लावले. ओट्यांवर फिनेल ओतलं, वर हिरवी कार्पेटं अंथरली. मासळीच्या ओट्यांचं उद्घाटन आणि मासळीलाच बंदी! हसावं की कपाळ बडवावं, तुम्हीच सांगा.

दुपार टळली तेव्हा नटी आली. "मला मासे खूप आवडतात," म्हणाली. शिट्ट्या पडल्या. भाऊ तेव्हा ताडपत्री उचलून आत बघत होते. जवळा आतून तापला होता, कुजायला लागला होता. मच्छीमार सोसायटीची अध्यक्षीण होती, तिला भाऊ म्हणाले, "उद्या पेपरात येईल. माझा शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलम नटी आली. भाऊंनी लिहिलेल्या मजकुरातल्या दोन ओळी फोटोखाली होत्या, जवळ्याचं नाव नव्हतं. संध्याकाळी चॅनेलवर टीकाही झाली. सरकारी कार्यक्रमात नटी कशाला, यावर चौघे घसा फोडून भांडले. तिचे कपडे झाले, तिचं मानधन झालं, साहेबांनी तिच्यावर धरलेली छत्रीसुद्धा झाली. जवळा तिथेही नव्हता.

भाऊ म्हणाले, "टीका करतात तीबी स्टेजकडंच बघून."

अध्यक्षीणबाई एसटीने स्टॉलवर आली. तिने पेपर उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, आमचा जवला कुठं हाय यात?" भाऊंनी मान खाली घातली. मला त्या पेपरचा गठ्ठाच खाडीत फेकावासा वाटला. फेकला नाही, विकला.

भाऊ तिच्याच बरोबर परत गेले. कोळीवाड्यात सोसायटीचा फळा आहे, भरती-ओहोटी लिहायचा. त्यावर त्यांनी खडूने सगळी बातमी लिहिली, फिनेलसकट, आणि खाली आपलं नाव. लोकांनी फोटो काढले, मोबाइलवर सगळीकडे फिरवले. आठवडा उलटायच्या आत पेपरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. "भाऊ, तुम्ही आता दमलात. विश्रांती घ्या." साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात पुरवणी तोंडावर होती, हे कार्यालयाने सांगितलं नाही आणि भाऊंनी विचारलं नाही. ओळखपत्र पोस्टाने पाठवून दिलं.

नंतरही ते स्टॉलवर येत, पण पेपर हातात धरत नसत. वर्षभरात गेले.

मेल्यावर मात्र साहेबांना ते फार मोठे वाटायला लागले. त्यांच्या नावाने तालुक्यात 'निर्भीड पत्रकार पुरस्कार' निघाला आणि तो द्यायला मालिकेतला एक नट आणला. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, पहिल्या रांगेत बसवलं होतं. नटाचे अंगरक्षक आले तसा बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता म्हणाला, "काकू, जरा मागं बसता का?" मी तडकलो, "अरे, त्यांच्याच नवऱ्याच्या नावाचा पुरस्कार आहे!"

"हो का? मग त्यांचा सत्कार हाय ना, शेवटी."

वहिनी मागे गेल्या. शेवटी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा नट निघाला होता, त्याच्या गाडीमागे सगळा मांडव पळाला होता आणि साहेबही गेले होते. त्याच कार्यकर्त्याने शाल पुढे केली. वहिनींनी हात पुढे केला नाही.

"शाल राहू दे तुमची. यांचं नाव तेवढं काढा या पुरस्कारातनं."

त्याला कळेना. त्याने शालीची घडी नीट केली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं कसं काकू? पुढल्या वर्षीची नटीबी ठरलीय."